आधी काय लावत होतीस?

या पुस्तिकेत ज्या ॲसिडांविषयी लिहिलं आहे ती कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत टँकरनं येणारी नव्हेत आणि फरशी धुण्यासाठी दारावर विकायला येणारी तर नव्हेतच. ही तीस मिलिलिटरच्या छोट्या बाटलीत मिळतात, चेहऱ्याला लावायची असतात आणि त्यांची नावं आता शिरूर-दौंडकडच्या मुलींना तोंडपाठ झाली आहेत: ग्लायकोलिक, लॅक्टिक, सॅलिसिलिक, मँडेलिक. रांजणगावला कंपनीत शिफ्ट करणाऱ्या मुलीच्या खोलीवर ती कुरिअरनं येतात, घोडनदीच्या बाजारपेठेत मेडिकलच्या काचेआड दिसतात, पार्लरमध्ये फेशियलच्या आधी लावली जातात. मोबाइलवर कुणीतरी पंधरा सेकंदांत त्यांचे गुण सांगून मोकळं होतं. समोरच्या चेहऱ्यावर आधीपासून काय चाललं आहे, हे मात्र कुणी विचारत नाही.

माझ्या मते सगळी गोम तिथंच आहे. ॲसिड पाच टक्क्यांचं घ्यावं की दहा, सकाळी लावावं की रात्री, हे प्रश्न नंतरचे. पहिला प्रश्न एकच: आजवर या चेहऱ्याला काय काय लावलं? आपल्या दोन तालुक्यांत त्याचं उत्तर फार वेळा ‘मेडिकलमधून आणलेली गोरं व्हायची ट्यूब’ असं येतं. ते उत्तर आलं की ॲसिडची बाटली बाजूला ठेवायची असते. असं का, ते नीट सांगता यावं म्हणून ही प्रस्तावना थोडी लांबली आहे.

आधी ॲसिड करतं काय ते पाहू. आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो आणि चेहऱ्यावर तो कागदाहूनही पातळ असतो. खाली नव्या पेशी तयार होतात, वर सरकत येतात, चपट्या होतात आणि शेवटी गळून पडतात. तरुणपणी या फेऱ्याला साधारण चार आठवडे लागतात. वय वाढतं तसा वेग मंदावतो. वर आलेल्या पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारे दुवे असतात. ॲसिड हे दुवे लवकर सैल करतं, बाकी फारसं काही नाही. थर एकसारखा झाला की उजेड त्यावरून नीट परततो आणि चेहरा तुकतुकीत दिसतो. वरच्या पेशींत साठलेला काळसरपणा थोडा लवकर निघून जातो. रंध्रांची तोंडं मोकळी राहिली की मुरमं कमी येतात.

पण मेलेल्या पेशींचा म्हणून हा थर निकामी नसतो. अंगातलं पाणी आत धरून ठेवणं आणि धूळ, जंतू, फवारणीची औषधं बाहेर अडवणं ही कामं तोच करतो. ॲसिड वापरणं म्हणजे हा पहारा जाणूनबुजून थोडा हलका करणं. किती हलका केला म्हणजे पुरे, आणि मुळात तो पहारा शाबूत आहे का, हे ज्याला कळलं त्याला ॲसिड कळलं.

ही विद्या आपल्याकडे तशी नवी नाही. पायाला कुरूप झालं की मेडिकलमधून चिकटवायची गोल पट्टी आणतात; तिच्यात साधारण चाळीस टक्के सॅलिसिलिक ॲसिड असतं. (घरात मधुमेही माणूस असेल तर ही पट्टी त्याच्या पायाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीही लावू नका. पायाची संवेदना गेलेली असू शकते, मग चांगली कातडी जळाली तरी कळत नाही आणि जखम चिघळते. हे वाक्य या पुस्तिकेच्या विषयात बसो न बसो, मला ते लिहायचंच होतं.) गजकर्णावर दिलं जाणारं व्हिटफिल्डचं जुनं मलम म्हणजे सहा टक्के बेंझोइक आणि तीन टक्के सॅलिसिलिक ॲसिड. टाचांच्या भेगांवरच्या कित्येक क्रीममध्ये युरियाच्या जोडीला लॅक्टिक ॲसिड असतं. दह्याला आंबटपणा येतो तो याच लॅक्टिक ॲसिडमुळे; कार्ल शेले या स्वीडिश रसायनतज्ज्ञानं १७८० साली ते आंबलेल्या दुधातून वेगळं काढलं होतं.

चेहऱ्याच्या बाटलीपर्यंतचा रस्ता मात्र एका आजारातून गेला. काही मुलांची कातडी जन्मतःच कोरडी, माशाच्या खवल्यांसारखी असते. तिला मत्स्यत्वचा म्हणतात. युजीन व्हॅन स्कॉट आणि रुई यू या अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी अशा रुग्णांवर फळांतली आणि दुधातली ॲसिडं वापरून पाहिली आणि खवले निघून कातडी मऊ होते हे १९७४ साली प्रसिद्ध केलं. सौंदर्यप्रसाधनांच्या कंपन्या त्यामागून आल्या. जे औषध जाड झालेल्या कातडीसाठी शोधलं गेलं ते आज चांगल्या, पातळ, निरोगी चेहऱ्यांवर लावलं जातं आहे, एवढं भान ठेवलं तरी हात आपोआप आखडता होतो.

ग्लायकोलिक ॲसिड उसात असतं, हे मात्र आपल्या भागातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे. जाहिरातवाल्यांना ते चांगलं ठाऊक आहे, म्हणून बाटलीवर उसाच्या कांड्यांचं चित्र असतं. त्या चित्राला भुलू नये. उसात हे ॲसिड इतकं थोडं असतं की त्यातून काढणं परवडत नाही. बाजारातलं बहुतेक ग्लायकोलिक ॲसिड रासायनिक कारखान्यात दुसऱ्या रसायनांपासून तयार होतं. त्यात वाईट काही नाही, कारखान्यातलं ॲसिड उलट जास्त शुद्ध मिळतं. फक्त ‘उसातलं, म्हणजे निर्धोक’ हा युक्तिवाद टिकत नाही. आणि म्हणून रसवंतीवरचा रस चेहऱ्याला चोळूनही काही साधत नाही.

उसाचा विषय निघालाच आहे तर गुऱ्हाळावर जरा थांबू, कारण ॲसिड समजून घ्यायला त्याहून चांगली जागा या पट्ट्यात नाही. केडगाव, खुटबाव, राहू, पारगावकडं हंगामात गुऱ्हाळं पेटलेली असतात. काहिलीत रस तापू लागला की गुळव्या झाऱ्यानं मळी ओढून काढतो, भेंडीच्या खोडाचा चिकट रस टाकतो आणि चुन्याची निवळी बेताबेतानं ओततो. ताजा रस किंचित आम्ल असतो, पीएच (आम्लतेचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल तीव्र) साधारण पाच-सव्वापाच. ऊस तोडून दोन-तीन दिवस पडला असेल तर रस आंबू लागतो, साखर फुटते आणि गूळ बसत नाही, चिकट राहतो. चुना कमी पडला तरी तीच गत. चुना जास्त झाला तर गूळ काळपट पडतो आणि बाजारात भाव पडतो. रस तोच, चुना तोच. मात्रा आणि वेळ चुकली की माल गेला. गुळव्या हे फेसावरून, रंगावरून, पाण्यात टाकलेल्या पाकाच्या गोळीवरून ओळखतो. चेहऱ्याच्या बाटलीकडे बघून असं काही ओळखता येत नाही. पाच टक्के आणि तीस टक्के दोन्ही सारखंच पाणीदार दिसतं. म्हणून तिथं आकडेच वाचावे लागतात.

आकडे दोन आहेत, टक्केवारी आणि पीएच, आणि दुसऱ्याकडे कुणी बघत नाही. ग्लायकोलिक ॲसिडचा जो भाग मोकळा असतो तोच त्वचेत शिरून काम करतो. पीएच ३.८ च्या आसपास असेल तर निम्मं ॲसिड मोकळं असतं. पीएच ३ वर आणला तर मोकळा भाग ८७ टक्क्यांच्या घरात जातो. ५ वर नेला तर जेमतेम ६ टक्के उरतो. म्हणजे दोन बाटल्यांवर ‘१० टक्के’ असंच छापलेलं असलं तरी एक दुसरीच्या चौदापट जोरकस असू शकते. मैत्रिणीला दहा टक्क्यांचं मानवलं म्हणून आपल्यालाही मानवेल, हा हिशेब इथं कोसळतो.

अमेरिकेत प्रसाधनांतले घटक तपासणारी तज्ज्ञांची एक समिती आहे. तिनं ग्लायकोलिक आणि लॅक्टिक ॲसिडासाठी १९९० च्या दशकाच्या अखेरीस घातलेली मर्यादा आजही हाताशी धरावी अशी आहे: घरी वापरायच्या वस्तूत दहा टक्क्यांपर्यंत, पीएच ३.५ हून कमी नको आणि उन्हापासून बचावाची सूचना सोबत हवी. तीस टक्क्यांपर्यंतचं, पीएच ३ हून कमी नसलेलं, फक्त प्रशिक्षित हातांनी, थोडा वेळ लावून लगेच धुऊन टाकायचं. चेहऱ्यावर राहू द्यायच्या सॅलिसिलिकला युरोपात दोन टक्क्यांची मर्यादा आहे. आता ऑनलाइन मिळणारी, लालभडक दिसणारी तीस टक्क्यांची ‘पील’ आठवा. ती घरी, आरशासमोर, मोबाइलवर बघून लावली जाते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०२४ साली लोकांना इशारा दिला की तीव्र रासायनिक पील डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय विकतही घेऊ नका आणि वापरूही नका. अशा पीलनं भाजल्याच्या, कायमचे व्रण राहिल्याच्या तक्रारी आल्या होत्या. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेला एक धोका अधिक आहे. भाजलं, चिडलं की आपल्याकडे लाली ओसरल्यावर काळा डाग उरतो आणि तो महिनोन्‌महिने जात नाही. डाग घालवायला आणलेल्या बाटलीनंच डाग पडतो तो असा.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे त्या गोरं व्हायच्या ट्यूबकडे.

वांगावर डॉक्टर एक त्रिसूत्री क्रीम थोड्या आठवड्यांसाठी देतात: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड. ही कल्पना अल्बर्ट क्लिगमन या त्वचारोगतज्ज्ञाची, १९७५ ची. नेमलेल्या मुदतीत, डॉक्टरांच्या नजरेखाली ती उपयोगी आहे. आपल्याकडे तिचं झालं काय, तर एका बाईला दिलेली ट्यूब जावेला लागली, जावेकडून भाचीला, आणि मग मेडिकलच्या काउंटरवर चिठ्ठीशिवाय नुसतं नाव सांगून मिळू लागली. पहिल्या पंधरा दिवसांत चेहरा उजळतो, मुरमं बसतात, सगळे विचारतात काय लावतेस. मग सोडली की चेहरा लाल होतो, आग होते, पुटकुळ्या उसळतात, म्हणून पुन्हा लावायची. काही महिन्यांत गालावरची कातडी पातळ होते, लालसर बारीक शिरा दिसू लागतात, हनुवटीवर लव वाढते, चुलीपुढं बसलं तरी चेहरा पेटल्यासारखा होतो. डॉक्टर याला ‘स्टेरॉइडनं बिघडलेला चेहरा’ म्हणतात.

हे तुरळक प्रकार नाहीत. देशातल्या बारा केंद्रांवर झालेली एक पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण, म्हणजे जवळजवळ सातातला एक, चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं, आयएडीव्हीएलनं, याविरुद्ध खास कृतिगट नेमून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २०१८ साली केंद्र सरकारनं चौदा स्टेरॉइडयुक्त मलमं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत घातली. कायदा झाला. काउंटरवर काय चालतं ते आपण सगळे पाहतोच.

अशा चेहऱ्यावर ॲसिड पडलं तर काय होईल? ज्या थराला सैल करायचं तो आधीच झिजलेला. वर त्या ट्यूबमधलं ट्रेटिनॉइन स्वतः कातडी सोलतं. मुलगी सांगते, दोन टक्क्यांचंच सॅलिसिलिक होतं, सगळ्यांना चालतं, मलाच कसं भाजलं? तिचं खरं असतं, बाटलीचंही खरं असतं. बिघाड दोन महिन्यांपूर्वी सुरू झालेला असतो आणि बोल ॲसिडला लागतो. म्हणून पार्लर चालवणाऱ्या ताईंना माझी कळकळीची विनंती आहे: कुणाच्याही चेहऱ्याला ॲसिड लावण्याआधी हा एक प्रश्न विचाराच आणि ट्यूब घेऊन यायला सांगा. नाव सांगताना मुली बिचकतात, ट्यूब दाखवताना बिचकत नाहीत. ट्यूबवर मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांतलं एखादं नाव दिसलं तर त्या दिवशी ॲसिड नाही, ब्लीच नाही, फेशियलसुद्धा नाही. ट्यूब एकदम बंद करायची की हळूहळू, त्याचा निर्णय त्वचेच्या डॉक्टरांचा.

ज्या डबीवर काहीच छापलेलं नसतं ती याहून घातक. अकोल्यात एका घरातल्या मुलीला, तिच्या आईला आणि बहिणीला मूत्रपिंडाचा विकार जडला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतल्यावर बोट त्या वापरत असलेल्या गोरेपणाच्या क्रीमकडं वळलं, तिच्यात पारा होता. ही २०२२-२३ च्या सुमाराची बातमी आहे, आपल्याच राज्यातली. भारतात प्रसाधनांत पारा घालायला मनाई आहे. नकळत आलेला पाराही दहा लाखांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. पण आठवडी बाजारात किंवा ओळखीतून आलेल्या बिननावाच्या डबीला कायदा माहीत नसतो. कायदेशीर वस्तूवर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापरण्याची मुदत आणि घटकांची यादी असते. यादीत एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमानं लिहिलेले असतात. मोठ्या अक्षरांत ‘ग्लायकोलिक’ आणि यादीत ते सुगंधाच्याही खाली, असं दिसलं तर काय ते समजून घ्यावं.

आणि हेही एकदा स्वच्छ सांगायला हवं, की ॲसिड कुणालाही गोरं करत नाही. दंडाची आतली बाजू बघा, जिथं ऊन लागत नाही. तुमचा रंग तो आहे. उन्हानं, मुरमांच्या डागांनी चेहरा त्याहून काळवंडला असेल तर त्या रंगापर्यंत परत येता येतं. त्यापलीकडं नेण्याचं वचन देणारी वस्तू एकतर खोटी असते किंवा विषारी. तो रंग चांगला आहे. पुण्या-मुंबईच्या फलकांवर दुसरा रंग दिसतो म्हणून आपल्या पोरींनी आपली कातडी सोलून काढावी, हे मला पाहवत नाही.

ऊन हा पुढचा मुद्दा. परदेशात लिहिलेल्या सूचना आपल्याकडे अपुऱ्या पडतात त्या इथंच. हा सगळा पर्जन्यछायेचा मुलूख, आभाळ वर्षातले बहुतेक महिने मोकळं. दहा टक्क्यांचं ग्लायकोलिक चार आठवडे लावलं तर उन्हानं लाल होण्याबाबत त्वचेची संवेदनशीलता सुमारे १८ टक्क्यांनी वाढते, आणि वापर थांबवल्यावर आठवड्याभरात ती पूर्ववत होते, असं अमेरिकेत झालेल्या अभ्यासात दिसलं. कांदा काढायला, खुरपायला, उसाला पाणी द्यायला ज्या बाया दिवसभर शिवारात असतात त्यांच्यासाठी या वाक्याचा अर्थ सरळ आहे: उन्हाळ्यात आणि सुगीच्या दिवसांत चेहऱ्याचं ॲसिड बंद. घामानं सनस्क्रीन तासा-दीड तासात ओघळतं आणि बांधावर आरसा घेऊन कुणी ते पुन्हा लावत नाही. त्यापेक्षा पदर, त्यावर टोपी, साडीवरून अंगात घातलेला नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, हे आपल्या बायांनी स्वतः शोधलेलं संरक्षण कितीतरी भरवशाचं आहे. दुचाकीवर डोळे सोडून सगळं तोंड झाकणारा मुलींचा स्कार्फही तसाच. लोक त्याची चेष्टा करतात. त्वचेच्या बाजूनं विचाराल तर ती फार शहाणी सवय आहे, फक्त तो स्कार्फ रोज धुतलेला हवा, नाहीतर घाम आणि तेलानं हनुवटीवर मुरमं येतात. वांग असेल त्यांनी किंचित रंगीत, लोह-ऑक्साइड असलेलं सनस्क्रीन निवडावं, कारण वांग नुसत्या अतिनील किरणांनी नाही तर साध्या उजेडानंही गडद होतं.

‘रात्री लावा’ ही सूचनाही नीट समजून घ्यायला हवी. रांजणगावला रात्रपाळी करून सकाळी सातला खोलीवर आलेली मुलगी झोपण्यापूर्वी ॲसिड लावते आणि भर दुपारी उन्हात बाजारात जाते. तिनं सूचना पाळली असं तिला वाटतं. रात्र म्हणजे घड्याळातली रात्र नव्हे. लावल्यानंतर बरेच तास ऊन लागणार नाही ती वेळ. रात्रपाळीच्या आठवड्यात सरळ सुट्टी द्यावी.

निवडीबद्दल पुढच्या प्रकरणांत सविस्तर आहे, इथं ओझरतं सांगते. तेलकट चेहरा, नाकावर काळी टोकं, बारीक मुरमं: सॅलिसिलिक, अर्धा ते दोन टक्के. ते तेलात विरघळतं म्हणून रंध्रात उतरतं. ॲस्पिरिनची ॲलर्जी असणाऱ्यांनी ते टाळावं आणि गरोदर बाईनं डॉक्टरांना विचारावं. कोरडी, खरखरीत त्वचा: पाच टक्क्यांचं लॅक्टिक, कारण ते ओलावाही धरतं. उन्हाचे डाग: ग्लायकोलिक, पण हलकं आणि हिवाळ्यात. पटकन चिडणारी त्वचा: मँडेलिक. त्याचा रेणू ग्लायकोलिकच्या दुप्पट वजनाचा असल्यानं ते सावकाश शिरतं. माझ्या मते आपल्या रंगाच्या बहुतेक नवशिक्यांनी सुरुवात यापासूनच करावी. एका वेळी एकच ॲसिड. तीन बाटल्यांचा संच स्वस्तात मिळतो म्हणून तिन्ही लावायच्या नसतात.

पहिल्यांदा कानामागं थोडं लावून दोन दिवस वाट बघावी. मग आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, पूर्ण कोरड्या चेहऱ्याला, डोळे, ओठ आणि नाकपुड्यांचे कोपरे सोडून. किंचित चुरचुर चालते; आग झाली की लगेच धुवायचं. वरून साधं मॉइश्चरायझर. चेहरा दिवसातून चारदा साबणानं धुण्याची सवय असेल तर आधी ती सोडावी. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यात साबण नीट निघत नाही, त्वचा तशीच कोरडी पडलेली असते, आणि साबणाचा पीएच नऊ-दहा तर निरोगी त्वचेचा पाचच्या आसपास. कोमट पाणी आणि सौम्य फेसवॉश एवढं पुरे. थ्रेडिंग, वॅक्सिंग, ब्लीच यांच्या आधी-नंतर तीन-चार दिवस ॲसिड नको. डॉक्टरांनी मुरमांसाठी ॲडापॅलीन किंवा ट्रेटिनॉइन दिलं असेल तर त्या रात्री नको, आणि आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नको.

लग्नसराईचा वेगळा उल्लेख करते. तुळशीचं लग्न लागलं की पार्लरमध्ये गर्दी सुरू होते आणि नवरीला चार दिवसांत ‘ग्लो’ हवा असतो. पील केलं जातं. तिसऱ्या दिवशी हळद लागते: ओली, भरडसर, दहा हातांनी चोळलेली, आणि नंतर उन्हात मांडवाखाली दोन तास बसणं. नुकत्याच सोललेल्या कातडीवर ती हळद कशी झोंबते ते विचारू नका. लग्नाच्या फोटोत गालांवर लाल चट्टे असलेल्या नवऱ्या मी पाहिल्या आहेत. लग्नाआधी महिनाभर चेहऱ्यावर नवं काही सुरू करायचं नाही, हे नवरीच्या आईनं, मावशीनं, करवलीनं लक्षात ठेवायचं.

घरगुती ते बिनधोक, या समजालाही इथं थारा नाही. लिंबाच्या रसाचा पीएच दोनच्या आसपास असतो, म्हणजे बाजारातल्या कुठल्याही चांगल्या बाटलीपेक्षा तो तीव्र. शिवाय लिंबाच्या सालीत अशी द्रव्यं असतात की ती अंगावर राहिली आणि ऊन लागलं तर फोड येतात आणि मागं तपकिरी चट्टे राहतात. बिबा कुणाला मानवतो आणि कुणाला उततो हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं, त्यामुळं त्या बिब्याला हात लावताना दहादा विचार करत. लिंबाच्या बाबतीत तेवढा विचार कुणी केला नाही. मसुराचं पीठ, साय, दिवाळीचं उटणं यांनी सहसा बिघडत नाही. जोरानं रगडलं तरच बिघडतं.

भाजलंच तर भरपूर साध्या पाण्यानं, नळाखाली, पंधरा-वीस मिनिटं चेहरा धुवावा. टूथपेस्ट नको, खायचा सोडा नको, शाई नको, बर्फ थेट नको. नंतर पातळशी पेट्रोलियम जेली लावून ऊन टाळावं. डोळ्यात गेलं असेल, फोड आले असतील किंवा कातडी पांढरी पडली असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. शिरूरला ग्रामीण रुग्णालय आहे, दौंडला उपजिल्हा रुग्णालय आहे. त्वचेचे तज्ज्ञ तिथं नसतील तर पुण्यात ससूनचा त्वचारोग विभाग आहे, आणि दौंडहून सकाळच्या गाडीनं निघालं तर ओपीडीच्या वेळेत पोचता येतं. जाताना चेहऱ्याला लावलेलं सगळं पिशवीत घालून न्या: बाटली, खोका, जुनी ट्यूब, पार्लरमधून मिळालेली डबी. डॉक्टर रागावतील म्हणून ट्यूब घरी ठेवून जाऊ नका. उपचार तिच्यावरूनच ठरतात.

बाटली रागानं फेकून देऊ नका. बॅच क्रमांकाचा आणि घटकांच्या यादीचा फोटो काढा, बिल जपून ठेवा. औषधाच्या क्रीमनं त्रास झाला असेल तर औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा निःशुल्क क्रमांक आहे, १८००-१८०-३०२४. रुग्णाला स्वतः तिथं सांगता येतं. विक्रेत्यानं फसवलं असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. चिठ्ठीशिवाय स्टेरॉइड विकणाऱ्या दुकानाची किंवा बिननावाच्या डबीची तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते, आणि त्या तक्रारीसोबत ट्यूब, बिल आणि फोटो असतील तर ती टाळणं त्यांनाही सोपं जात नाही.